दारावरचा कॅमेरा

आमच्या आईला माणसांपेक्षा कॅमेऱ्याशी जास्त बोलायची सवय लागली होती, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

दारावरचा तो कॅमेरा बसवला धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने. घरातली सगळी यंत्रं त्याच्याच हातची, बाकी आमची धाव बटणापर्यंत. कॅमेऱ्यात दिसेल, ऐकू येईल ते कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, आणि तिथून ज्याच्याकडे पासवर्ड असेल त्याच्या मोबाइलवर, मग तो जगाच्या पाठीवर कुठेही असो. पासवर्ड दोघांकडेच होता, त्याच्याकडे आणि माझ्याकडे. पुढे एकदा बाबांशी त्याचं वाजलं. बाबा नको ते बोलले, तो नेसत्या कपड्यांनिशी निघून गेला आणि नंबरही बदलला. बाबा गेले तेव्हा त्याला कळवायचं कुठे, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

कुणी मोबाइलवरून पाहायला लागलं की त्या कॅमेऱ्यावर निळा दिवा लागतो. बाबांनंतर बऱ्याच दिवसांनी तो दुपारचा लागायला लागला. आईने मला ऑफिसात फोन केला.

"तू बघतेयस का गं?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तो बघतोय."

त्या दिवसापासून आई बदलली. दुपारी तोंड धुऊन, केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून दारात खुर्ची टाकून बसायची. दिवा लागला रे लागला की सुरू. गुडघा कसा आहे, भाजी किती महागली, आणि मुख्य म्हणजे माझी गाऱ्हाणी. "तुझी ताई अजून तशीच आहे बरं का, राग नाकावर."

"अगं, शेजारी हसतात," मी ओरडायचे.

"हसू देत. त्यांचे दात तरी दिसतील."

तिच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण खोटं कशाला बोलू, एकदा घाईने बाहेर पडताना दिवा लागलेला दिसला आणि मीसुद्धा वर पाहून विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" आणि दिवसभर मला फार बरं वाटत राहिलं.

मग आम्ही दोघी मावशीकडे राहायला गेलो. परतलो तर कुलूप जसंच्या तसं, आणि आत कपाट सताड उघडं. आईच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. मोबाइलवर पाहिलं, तर नेमकं त्याच दिवसाचं चित्रण कुणीतरी पुसून टाकलेलं.

"दुसरी किल्ली कुठे होती?" मी विचारलं.

"पाण्याच्या मीटरच्या पेटीत. मीच सांगितलं होतं त्याला, कॅमेऱ्यातून. म्हटलं, आम्ही नाही म्हणून दारातून परत जाऊ नकोस."

मला सगळं लख्ख दिसलं. किल्लीची जागा ठाऊक, पासवर्ड हातात. आणखी कोण असणार? मी पोलिसांकडे निघाले तशी आईने माझा हात धरला. तिचा चेहरा पाहून मी थक्क झाले. ती हसत होती.

"आला होता गं तो. बांगड्या त्याच्या होणाऱ्या बायकोसाठीच ठेवल्या होत्या. त्याच्या त्याने नेल्या, त्यात काय एवढं?" ओट्यावर एक पेला पालथा होता. तो उचलून ती म्हणाली, "पाणी पिऊन गेला वाटतं."

माझं डोकंच फिरलं. आईने विश्वासाने सांगितलेल्या किल्लीने तिच्याच घरात चोरी करणारा भाऊ मला नको होता. दुसऱ्याच दिवशी मी कॅमेरेवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, "यातून माझ्या भावाचं नाव काढून टाका. परत इकडे डोकावता येता कामा नये." आई रुसून भिंतीकडे तोंड करून बसली.

कॅमेरेवाला शिडीवर चढला, मोबाइलवर बराच वेळ काहीतरी पाहत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमच्या भावाने त्याचं खातं घर सोडल्यानंतर एकदाही उघडलेलं नाही. इथे तिसरंच कुणीतरी जोडलं गेलंय."

"पासवर्डशिवाय?"

"हो ना. कंपनीच्या सर्व्हरमध्येच भोक होतं. कॅमेऱ्यामागच्या चिठ्ठीवरचा नंबर दिला की कॅमेरा त्याचाच आहे का, हे न तपासता सर्व्हर जोडून द्यायचा. आणि नंबर तर ओळीने असतात, अंदाजाने सापडतात. एकदा जोडलं की घराचा पत्ताही दिसतो. गेटवर रखवालदार आहे, पण मागेल त्याला किल्ली देतो, तसं झालं. आता दुरुस्ती आलीय, ती घालतो. सगळी खाती पुसून कॅमेरा नव्याने जोडू, पासवर्ड बदलू. मोबाइलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय कुणाला उघडणार नाही. बाहेरून बघायची गरज नसेल तर तेही बंद ठेवा. आणि पोलिसात मात्र जरूर जा."

मी त्याचं निम्मंच ऐकलं. मनावरचा धोंडा उतरला होता. धाकटा चोर नव्हता! त्याला काय काय बोलले होते मी! धावत जाऊन मी आईचे खांदे धरले. "आई, ऐकलंस का? तो नव्हताच! आपल्या धाकट्याने काही नेलं नाही!"

आईने वर पाहिलं नाही. अंगावरचे इस्त्रीचे कपडे ती हाताने सारखे करत राहिली.

"एकदाही नाही उघडलं?" तिने कॅमेरेवाल्याला विचारलं.

"नाही, काकू."

मग ती मला म्हणाली, "चोर असता तरी चाललं असतं गं. आला तरी असता."

कॅमेरेवाला शिडीवर तसाच थांबला होता. खाती पुसू का, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. शेवटी आईनेच मान हलवली.