गणपतीतला आठवडा

मी एक जुना करारनामा आहे. चार गुळगुळीत पानं, कडेला सोनेरी पट्टी. दिसायला अगदी लग्नपत्रिका, पण मजकूर असा की वाचणाऱ्याला झोपच लागावी! महाडचे कमलाकर सर आणि सरोजबाई यांनी लांबच्या डोंगरावरच्या रिसॉर्टमधली एक खोली, दरवर्षी एक आठवडा, तेहतीस वर्षांसाठी घेतली, असं माझ्यात लिहिलंय. याला म्हणे टाइमशेअर म्हणतात.

मित्रांनो, माझा जन्म पोलादपूरच्या एका हॉटेलात झाला. महाबळेश्वरहून परतताना या दोघांना 'फुकट जेवण' म्हणून आत बोलावलं आणि टायवाल्या मंडळींनी तीन तास सोडलंच नाही. "कुठला आठवडा देऊ, सर?" सरांनी समोरच्या कॅलेंडरवर बारा सप्टेंबरवर बोट ठेवलं. सरोजबाईंचा वाढदिवस! बाई लाजल्या, सरांनी सही ठोकली. पण ते कॅलेंडर हॉटेलचं. त्यावर ना तिथी, ना सण.

घरी येऊन बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, गणपतीत घर बंद ठेवायचं?"

पुढच्या वर्षी गणपती लवकर आले, तर तो आठवडा पितृपक्षात गेला. एका वर्षी दोन्ही नव्हतं, तर गणपती आठ दिवसांवर आलेले. घरात रंगाचे डबे नि मखराचा पसारा. आठवडा बदलून मिळेना. जा नाहीतर राहा, देखभालीचे पैसे मात्र दरवर्षी भरायचेच. मी कपाटात चांगल्या साड्यांखाली डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. जीव नुसता गुदमरायचा.

सरांनी मला फुकट द्यायचाही प्रयत्न केला. शिवथरहून तांदूळ घेऊन येणाऱ्या मालोजींनी मला लांबूनच हात जोडले. "नको रे बाबा! गणपतीत घर सोडून कोन जातंय, मास्तर? आमच्यात नाय तसं." मला खूप लागलं ते. फुकटातही नको असणं काय असतं, ते मला विचारा.

सरांची मुलगी देवश्री पुण्याला असते. तिला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. सर गणिताचे शिक्षक. 'वाचल्याशिवाय सही करायची नाही' हे तिला लहानपणापासून बजावणारे तेच. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

मग गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. सभासदाच्या पश्चात हा करार वारसाकडे जाईल. आणि माझ्यातल्या वारसाच्या रकान्यात नाव होतं देवश्रीचं. सरोजबाईंनी पत्र खाली ठेवलं. "माझ्या पोरीच्या गळ्यात हे नको हो!"

दोघं मला घेऊन महाडच्या कोर्टाजवळ वकील निशाताईंकडे गेले. ताईंनी मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी! "सुटता येईल, सर. पण तुमच्याबरोबर वारसानेही नको म्हणून लिहून द्यावं लागेल. मुलीला सांगितलंय ना?"

सरांनी बाहेर येऊन देवश्रीला फोन लावला, 'रविवारी ये.'

त्या रविवारी देवश्री आली. सरांनी मला तिच्यापुढे ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही हसणार, नाहीतर ओरडणार. तिने चारही पानं वाचली. मग हळूच विचारलं, "बाबा, जेवण तरी बरं होतं का?"

"पनीर खारट होतं गं," सरोजबाई म्हणाल्या.

आणि सर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. देवश्रीने त्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि तिथेच लिहून दिलं, 'मला हे नको.'

निशाताईंनी मला कंपनीकडे धाडलं आणि दोन महिन्यांनी कंपनीने मला 'रद्द' असा शिक्का मारून परत पाठवलं. मित्रांनो, रद्द झाल्याचा एवढा आनंद कुठल्या कागदाला झाला नसेल! सरोजबाईंनी वारसाच्या रकान्यात देवश्रीच्या नावावर कंपनीने मारलेली आडवी रेघ दोनदा बोटाने चाचपून बघितली.

तुमच्याही घरात साड्यांखाली माझ्यासारखं कुणी दडलेलं असेल. ते बाहेर आलं, तर आईबाबांना हसू नका. तुम्ही हसाल, या भीतीनेच त्यांनी ते लपवलेलं असतं.