सात वाट्या आणि शकुचे पाय

मित्रांनो, मी स्टीलचा मसाल्याचा डबा आहे. जुना म्हणा, पोचे आलेला म्हणा, मला राग येत नाही. पण माझी गोष्ट मात्र पूर्ण ऐका, कारण ती सांगताना आजही माझ्या वाट्या थरथरतात.

कारखान्यात एका मोठ्या पत्र्यातून मला गोल कापलं, साच्यात दाबलं आणि चाकावर इतकं घासलं की बघणाऱ्याला माझ्यात आपलं तोंड दिसावं. तिथून मी जबलपूरला आलो. फुहारा बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात, धनतेरसच्या गर्दीत, दिवाकर गावंडे नावाच्या तरुणानं मला उचललं. तो रांझीच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये कामाला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. दुकानदारानं मशीनची सुई फिरवून माझ्या झाकणावर 'सौ. शकु दि. गावंडे' असं नाव घातलं. आता शेजारपाजारचे तिला शकुकाकू म्हणतात. मी तिला नवी नवरी म्हणून पाहिलं आहे, त्यामुळे माझ्यासाठी ती शकुच.

माझ्या पोटात सात वाट्या. तिखट, मीठ, हळद, जिरं, मोहरी, धणेपूड आणि मधल्या वाटीत घरचा काळा मसाला. शकुनं कधी काही मोजून घेतलं नाही. तीन बोटांची चिमूट आत यायची आणि नेमकं हवं तेवढंच घेऊन जायची. गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणाला दोनशे पानं उठायची, तेव्हाही तिचं मीठ चुकलं नाही. शेजारच्या मिश्राइन चाची दारात उभ्या राहून विचारायच्या, "भाभी, मसाला कितना डालती हो?" शकु हसून म्हणायची, "अंदाज से, चाची." ते ऐकून मी फुगून जायचो. त्या अंदाजात माझाही वाटा आहे असं मला वाटायचं.

पुढे तिच्या मुलाला, अजिंक्यला, पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्यानं आईसाठी काचेच्या झाकणाचा लाकडी डबा आणला. दिसायला देखणा होता, नाही म्हणत नाही. मला धुऊन, पुसून, जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. सहा वर्षं मी तिथं होतो. खालून फोडणीचा वास यायचा आणि मी पेपरातल्या त्याच त्या बातम्या वाचत बसायचो.

मग गेल्या वर्षी दसऱ्यानंतर एक दिवस शकु स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. का काढलं, ते सांगतो.

शकुला पायांचा त्रास होता. दुखत नव्हतं, सूज नव्हती, बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं. पण संध्याकाळी जरा टेकलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळू लागायचं आणि पाय हलवल्याशिवाय तिला राहवायचं नाही. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, बसली की पुन्हा सुरू. पोळ्या लाटताना, उभ्याउभ्या कामात, ती अगदी बरी असायची. म्हणून तिनंही ते मनावर घेतलं नव्हतं.

मनावर घ्यावं लागलं ते अजिंक्यच्या साखरपुड्यात. मुलगी नागपूरची, नाव मेघना. संध्याकाळची वेळ, दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर बसलेली. शकु तीनदा उठली. एकदा पाण्याच्या निमित्तानं, एकदा फोनच्या, तिसऱ्यांदा तिला निमित्तच सापडलं नाही. तेव्हा मेघनाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मुलाच्या आईचं मन नाही लागून राहिलं वाटते इथं."

हे सगळं मला कळलं ते शकुनं आपल्या थोरल्या बहिणीला, जबलपुरातच गढा भागात राहणाऱ्या बेबीताईला, ओट्याशी उभं राहून सांगितलं तेव्हा. मी अजून माळ्यावरच होतो, पण पेपराच्या फटीतून खालचं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

"ताई, मे महिन्यात लग्न आहे. मंडपात दोन-अडीच घंटे पाटावर बसा लागते. मी तिथून उठली त लोक म्हणतीन, हिले सूनच पसंत नाही. मेघनाच्या मनात एकदा हे बसलं त निघन का?"

"मंग डॉक्टरले काहून नाही दाखवत?"

"पाय हलते म्हणून डॉक्टरकडे जाऊ? हसन नाही का तो?"

बेबीताईनं पर्समधून मॅग्नेशियमच्या गोळ्या काढल्या. "हे घे. माह्या पायात गोळे येत होते, यानं फरक पडला. ताकदीचंच औषध आहे, चिठ्ठी बी नाही लागत."

चिठ्ठी लागत नाही, म्हणजे भीती नाही. मित्रांनो, त्या दिवशी हे वाक्य मलाही खरंच वाटलं होतं.

एक आलं की मागून दुसरं येतं. मेडिकलवाल्या भैयानं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर नसांच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. अजिंक्यनं ऑनलाइन मागवून मल्टिव्हिटॅमिनची मोठी बरणी पाठवली. भजनातल्या बायकांनी कॅल्शियम सुचवलं, व्हिटॅमिन डी सुचवलं. सगळीकडे पाकिटंच पाकिटं झाली, फ्रिजवर, उशाशी, पर्समध्ये. म्हणून दसऱ्यानंतर शकुला माझी आठवण आली. तिनं एकेक पाकीट फोडून सहा वाट्यांत सहा तऱ्हेच्या गोळ्या भरल्या. सातव्या वाटीत बडीशेप ठेवली, गोळ्यांवर तोंडात टाकायला. पाकिटं आणि बाटल्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

मी पुन्हा ओट्यावर आलो होतो. लाकडी डब्याच्या शेजारी, थोडा पुढेच. मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

कारण शकुचा हात तोच होता. संध्याकाळी चहाच्या कपाबरोबर ती माझं झाकण उघडायची आणि तिची तीन बोटं आत यायची. सुरुवातीला यातली एक, त्यातली एक. पाय जास्त वळवळले त्या दिवशी, "आज जरा जास्तच घेते." पाहुणे यायचे असले की आणखी थोड्या. लग्नाची तारीख जवळ येत होती आणि चिमूट मोठी होत होती. मीठ जास्त झालं तर पहिल्याच घासाला कळतं, माणूस वरण पातळ करतो. या गोळ्यांना चव नव्हती. आपलं प्रमाण चुकतंय हे त्या हाताला कळणार कसं? मी रोज संध्याकाळी धास्तावून बसायचो, पण माझं ऐकायला कोण बसलंय?

संक्रांतीनंतर तिच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. मग बोटं बधिर व्हायला लागली. तिला वाटलं, पायांचं जुनंच दुखणं वाढलं. म्हणून तिनं पिवळ्या गोळ्या वाढवल्या.

होळीच्या आधीची गोष्ट. दुपारी ती लग्नाच्या साड्या घेऊन ऑटोनं बाजारातून आली. पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. दिवाकर मागोमाग आत आला आणि तिच्या पायांकडे पाहत उभा राहिला.

"शकु, तुयी दुसरी चप्पल कुठं आहे?"

तिनं खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय उघडा होता, धुळीनं माखलेला. दाराबाहेरची तापलेली फरशी ती त्याच पायानं चालून आली होती आणि तिला कळलंच नव्हतं.

"ऑटोत राहिली असन," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. दिवाकर ऑटो शोधायला बाहेर धावला. त्याची पाठ वळताच तिनं मला पुढे ओढलं. मी झाकण आवळून धरलं. पोचा आल्यामुळे ते तसंही घट्ट बसतं, पण त्या दिवशी मी जीव खाऊन धरलं, मित्रांनो. तिनं सांडशीचं टोक घातलं आणि उघडलं. तीन पिवळ्या गोळ्या घेतल्या. आणि ओट्याला टेकून रडू लागली.

दिवाकर परतला तेव्हा त्यानं हे पाहिलं. त्यानं माझ्यात डोकावलं. "यातलं कोणतं काय आहे?"

"मले माहीत आहे सगळं."

"तुले माहीत आहे. मले? उद्या तू बेशुद्ध पडली त मी काय सांगू? अवं, स्टोअरमध्ये मी एक बोल्ट बी चिठ्ठीशिवाय नव्हतो ठेवत, अन् तू हे पोटात टाकून राहिली?" इतका मोठा आवाज त्याचा मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. मग तोच आवाज ओलसर झाला. "चाल. आत्ताच चाल."

असा मी पहिल्यांदा स्कूटरवर बसलो. शकुच्या मांडीवर, पंच्यात बांधलेला, नेपियर टाउनच्या दवाखान्यापर्यंत. खड्डा आला की गोळ्या एका वाटीतून दुसरीत उडत होत्या आणि मी भीतीनं खुळखुळत होतो.

डॉक्टर मॅडमनी पाय तपासले. टोकदार काडी तळव्याला लावून विचारलं, "चुभ रहा है?" शकु म्हणाली, "नहीं." घोट्याजवळ लावली तेव्हा म्हणाली, "हाँ, थोड़ा." मग मॅडमनी मला उघडलं. गोळ्यांची मिसळ झाली होती.

"रोज़ कितनी लेती हैं?"

शकु मला न्याहाळत होती. मग म्हणाली, "अंदाज से."

ज्या शब्दानं मी आयुष्यभर फुगलो, तोच शब्द त्या खोलीत ऐकताना मला गंजल्यासारखं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दिवाकरला दुकानात आणि नातेवाइकांकडे फोन लावायला सांगितलं, प्रत्येक पाकिटाचे फोटो मागवले आणि मग समजावलं. नसांच्या गोळीत एक जीवनसत्त्व असतं, बी-सिक्स. तेच त्या मॅग्नेशियमच्या गोळीत होतं, तेच मल्टिव्हिटॅमिनमध्येही. थोडं लागतंच, पण महिनोनमहिने भरमसाट घेतलं तर पायांच्या नसा बधिर होतात. "आप जिसे बीमारी समझकर गोली बढ़ा रही थीं, वो गोली से ही हो रहा था." जे जुनं वळवळणं होतं, ते वेगळं. त्याला नाव आहे, त्याची तपासणी असते, हसण्यासारखं त्यात काही नाही. रक्त तपासलं तेव्हा शरीरातला लोहाचा साठा खरोखरच कमी निघाला. लोहाची गोळी उपयोगाची होती, पण ती रोज चहाबरोबर जात होती, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही.

"पैर ठीक होंगे ना?" दिवाकरनं विचारलं.

"होने चाहिए. महीने लगेंगे. पूरा होगा या थोड़ा रह जाएगा, अभी नहीं कह सकती."

मला तिथंच रिकामं केलं. येताना मी हलका होतो, पण शकुच्या मांडीवर माझं ओझं वाढलं होतं असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये मेघनाची आई, शरयूबाई, लग्नाच्या पत्रिका घेऊन आल्या. शकु आता एकच लोहाची गोळी घेत होती, मॅडमनी लिहून दिलेली, तिच्याच पाकिटातून, साध्या पाण्याबरोबर. वळवळ थोडी कमी होती, पण थांबली नव्हती, आणि तळवे अजून बधिरच होते. मी ओट्यावर बसून पाहत होतो. शरयूबाई चहा गाळत होत्या. शकु ओट्याशी या पायावरून त्या पायावर होत होती.

"विहीणबाई," ती शेवटी म्हणाली, "मले एक सांगा लागते. मी मंडपात एका जागी नाही बसू शकत. मले पायांचा रोग आहे. साखरपुड्यात बी त्याच्याचपायी उठली होती. मेघना मले खूप आवडते, बापा."

शरयूबाईंनी गाळणं खाली ठेवलं. माझ्या सातही वाट्या गार पडल्या.

"आमच्या वन्संचं ते बोलणं मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथंच त्यांना थांबवायला हवं होतं मी. नाही थांबवलं. अहो, आता असं करू. तुम्हाला उठावंसं वाटलं की मला खुणवा, मी पण उठते. दोघी विहिणी मिळून गेल्या तर लोक म्हणतील, आहेराचं बघायला गेल्या."

लग्न झालं. मी बंद घरात होतो, हे सगळं नंतर ऐकलं. त्या दोघी तीनदा उठल्या. तिसऱ्या वेळी आत्याबाईही पाठोपाठ आल्या, काय चाललंय ते बघायला, आणि तिघींनी मंडपामागे उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. शकुनं मागून पट्टा असलेल्या चपला घातल्या होत्या, पायातून निसटू नयेत म्हणून.

आणि आता श्रावणातली ती सकाळ. शकु परातीत तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर ती उठली, आणि दोन पावलं टाकून एकदम ओरडली, "अजी! अजी, इकडे या! मले टोचलं!"

दिवाकर धावत आला. "काय टोचलं? रक्त निघालं का?"

"खडा! तांदळातला खडा टोचला!"

तिनं तो एवढासा खडा उचलला, डोळ्यांपुढे धरला, पुन्हा जमिनीवर ठेवला आणि मुद्दाम त्यावर पाय दिला. "स्स," ती म्हणाली आणि हसत हसत रडू लागली. दिवाकर खाली बसून तिचा तळवा दोन्ही हातांत धरून राहिला. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. ती कधी जागी होतील, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा डबा तुमच्याही घरी असेल. त्यात मोहरी असू द्या, जिरं असू द्या. पण कधी त्यात सुट्या गोळ्या दिसल्या, तर तुमच्या आईला, आजीला जवळ जाऊन विचारा: याचं पाकीट कुठं आहे, कोणी सांगितलं, किती घेतेस, आणि डॉक्टरांना हे माहीत आहे का? मला हे विचारता आलं नाही, तुम्हाला तोंड आहे. ती म्हणेल, ताकदीचंच तर आहे. कदाचित रागावेल. रागावू द्या, पण विचारा.