न्हाणीघरातले काका

काकूच्या न्हाणीघरात आम्ही अकरा माणसं दाटीवाटीने उभी होतो आणि बाराव्याची वाट बघत होतो. बारावे म्हणजे काका. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते, पण काकूने गुरू केलेले बाबा म्हणाले, आज येणार म्हणजे येणारच!

खिडकीला काळा कागद, वर लाल बल्ब, टबावर फळी आणि फळीवर तीन पसरट तसराळी. फोटो धुवायला हेच सगळं मी माझ्या न्हाणीघरात मांडलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "डोकं फिरलंय का तुझं? आंघोळ कुठे करायची आम्ही?" तोच आता बाबांपुढे हात जोडून उभा! माझा नुसता तिळपापड झाला.

मागच्या खेपेला बाबांनी कोरा कागद पहिल्या तसराळ्यात बुडवला आणि त्यावर हळूहळू काका उमटले, मिशीसकट. काकू ढसाढसा रडली. लगेच बाबांनी हुकूम सोडला: इन्शुलिन बंद, पुढच्या दर्शनानंतर तसराळ्यातलं पाणी प्यायचं. तीन दिवस काकूने सुई टोचली नव्हती. पाय लटपटत होते, तरी हातात रिकामा पेला तयार.

"बाबा, जिवंत माणूस नाही ना उमटणार?" मी विचारलं.

"मूर्ख बाई! इथे फक्त देह सोडलेलेच येतात."

"नक्की?"

"त्रिवार नक्की!"

बाबांनी कागद बुडवला. आधी टक्कल आलं, मग जाड भुवया, मग अख्खे बाबाच. तोंडात केळं.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पुढे सरकले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "फार वाईट झालं हो. कधी गेलात?"

"अहो, मी जिवंत आहे!"

"सुरुवातीला लक्षात येत नाही म्हणे," पोस्टमास्तर समजुतीने म्हणाले.

नवरा घाबरून मागे सरकला तो थेट टबाच्या काठावर बसला. मी दार सताड उघडलं.

"काकू, काकांचा फोटो तू ह्यांना शुद्ध करायला दिला होतास ना? ह्यांनी त्याचा फिल्मवर फोटो घेतला आणि त्या फिल्ममधून फोटोच्या कागदावर उजेड पाडला. चित्र तेव्हाच बसतं, दिसत मात्र नाही. ह्या रसायनात बुडवलं की दिसतं. लाल उजेडाने तो कागद बिघडत नाही, म्हणून लाल बल्ब. काल मी केळं खाताना ह्यांचा फोटो काढला, त्याचा असाच कागद केला आणि मघाशी फळी पुसताना कागद बदलला. तुला पाजणार होते ते पाणी नाही गं, विष आहे."

काकू पेल्याकडे बघत राहिली. "म्हणजे आमचे हे आलेच नव्हते?"

"नाही गं."

"आणि ह्या केळेखाऊच्या नादी लागून मी मरायला निघाले होते!"

केळेखाऊ तोवर चपला टाकून पसार झाला होता. काकूला आम्ही तडक डॉक्टरांकडे नेलं.

काकूला हसू नका. गेलेलं माणूस पुन्हा भेटावं, असं कुणाला वाटत नाही? मलाही काका हवे होते. पण औषध बंद करा म्हणणाऱ्याला एवढं तरी विचारा, का? आणि तो उत्तर शोधत असेल, तेवढ्यात आपली सुई टोचून घ्या.