पाण्याची रेघ

श्रेयसने उतारावरून ट्रेलरवर ओढून काढलेल्या होडीच्या मागच्या बाजूला वाकून तळाचं बूच फिरवलं. ते निघताच आत साचलेलं पाणी बारीक धारेने खाली सांडू लागलं. काळपट पाणी, त्यात कुजलेली पानं. धार थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"एवढंच पाणी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, निम्मी भरली असेल."

शिवांगी बादलीत साबण कालवत होती.

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावाबाहेर, कालव्याच्या बांधावर हे छोटंसं हार्बर. इथे पाणी घरांपेक्षा उंचावर असतं. नोव्हेंबरच्या त्या सकाळी बांधाखालची सगळी छपरं धुक्यात बुडून गेली होती. बाकीच्या होड्या केव्हाच पाण्याबाहेर निघून हिवाळ्यासाठी झाकल्या गेल्या होत्या. हीच तेवढी मागे राहिली होती.

होडी दोघांची होती, श्रेयसची आणि अनिमेषची. दोघं पुण्याचे, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात एकाच ऑफिसात. दोघांपैकी एकाच्याही घरी मासा शिजत नसे, तरी दर शनिवारी गळ टाकायला निघायचे. श्रेयस मागे इंजिनापाशी बसायचा आणि अनिमेष पुढच्या फळीवर, पाण्याकडे तोंड करून. यंदा मार्चअखेर त्यांनी होडी पाण्यात उतरवली. एप्रिलमध्ये एका दुपारी अनिमेषने ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, झोपलाय. त्यानंतर त्या होडीचा दोर कुणी सोडला नव्हता.

आता अनिमेषची बायको शिवांगी मुलीला, वैदेहीला, घेऊन कायमची पुण्याला निघाली होती. हार्लेमच्या घरातलं सामान रवाना झालं होतं, खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दप्तरातून नावं काढून झाली होती. "होडी धुवायला मी येते," असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. "त्याची एवढी एकच वस्तू राहिलीय, जिला मी हात लावलेला नाही."

श्रेयसने इंजिनातलं पेट्रोल काढलं, तेलाचा फवारा मारला. शिवांगी स्पंजने बाहेरची बाजू घासत मागून पुढे सरकत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"श्रेयस, ही रेघ बघ."

पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक होडीवर शेवाळाची हिरवी रेघ उमटते, पाणी जिथवर असतं तिथवर. शेजारच्या होड्यांवर ती सरळ होती. यांच्या होडीवर ती मागे अगदी तळाशी होती, आणि पुढे चढत चढत काठाखाली वीतभर अंतरावर पोचली होती.

"पुढे काही जड ठेवलं होतं का?"

"नाही."

"नांगर?"

"तो माझ्या गॅरेजमध्ये आहे. मार्चपासून."

"इंजिन तर मागे आहे. मग होडी पुढे एवढी कशी बुडाली?"

श्रेयस इंजिनाचं झाकण पुसत राहिला. ते पुसून झालं होतं.

शिवांगीने स्पंज बादलीत टाकला. "वैदेही रोज विचारते, बाबा इथेच राहणार का. डचमध्ये विचारते. म्हणजे मी गप्प बसले, तर आईला कळलं नाही असं तिला म्हणता येतं." तिने ओले हात कोटाला पुसले. "मी तिला सांगते, असं कुणी मागे राहत नाही गं. खरं सांग मला. इथे तुला कधी काही जाणवलं? तसं असेल तर मी तिकिटं रद्द करते."

श्रेयसने तिच्याकडे पाहिलं.

"मीच बसायचो," तो म्हणाला.

"काय?"

"शनिवारी यायचो. घरी सांगायचो, जिमला जातो. होडी सोडायचो नाही, नुसता बसून राहायचो."

"पुढे?"

"पुढे. त्याच्या जागेवर."

तिने पुढच्या फळीकडे पाहिलं. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "वेडा आहेस तू," ती म्हणाली. स्पंज उचलून ती जोर लावून घासू लागली. रेघ पुसली गेली.

यायचो, हे खरं होतं. पण श्रेयस कायम मागेच बसला होता. पुढच्या फळीवर पाय ठेवण्याचासुद्धा त्याला कधी धीर झाला नाही. आपल्यासारखा धिप्पाड माणूस मागे बसूनही होडीचं मागचं टोक खाली जात नाही, हे जूनमध्येच त्याच्या लक्षात आलं होतं. तरी तो येत राहिला. उलट त्यानंतर जास्तच.

शिवांगी हात धुवायला हार्बरच्या क्लबघरामागच्या नळावर गेली. श्रेयस ताडपत्री उलगडत होता. मान वर न करताच तो हलक्या आवाजात म्हणाला,

"शिवांगी आणि वैदेही गुरुवारी निघताहेत. पुण्याला. परत येणार नाहीत."

अनिमेषला हे कळायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं.

ट्रेलरची स्प्रिंग करकरली. होडीचं पुढचं टोक दोन बोटं वर आलं आणि स्थिरावलं. श्रेयसचा हात आपोआप काठावर गेला. धक्क्यावर आधी अनिमेष उतरायचा, तेव्हा होडी हलू नये म्हणून तो असाच काठ धरून ठेवायचा.

शिवांगी परत आली. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "येते," ती म्हणाली. गाडी बांधावरून उतरून धुक्यात दिसेनाशी झाली.

श्रेयसने ट्रेलर ओढून रांगेत लावला. सकाळी उतारावर त्याच ट्रेलरने त्याला घाम फोडला होता, आता तो एका हाताने सरकला. ताडपत्रीची शेवटची गाठ मारताना मात्र आपण काय करून बसलो हे त्याला कळलं. तो तसाच गाठ धरून उभा राहिला.

फोन वाजला.

"पोचले रे," शिवांगी म्हणत होती. "ऐक ना, या गाडीला काहीतरी झालंय. निघाल्यापासून बेल्ट, बेल्ट म्हणून नुसती वाजत होती. माझा लावलेला होता. शेजारच्या सीटसाठी वाजत होती."

"सीटवर पर्स असेल."

"पर्स मागे होती. सीट रिकामी."

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय, रस्त्याच्या कडेला थांबले आणि त्या सीटचाही बेल्ट लावून टाकला. गप्प झाली." ती थांबली. "घराखाली येऊन किती वेळ झाला. अजून गाडीतच बसलेय. तो बेल्ट काढावासाच वाटत नाहीये."

धुक्यात कुठेतरी बदकं ओरडली आणि थांबली.

"काढ," श्रेयस म्हणाला. "थंडी आहे. घरात जा."

पलीकडून बेल्ट सुटल्याचा खटका आला. एक दार उघडून बंद झालं. नंतर गाडीला वळसा घालणारी तिची पावलं, आणि दुसऱ्या बाजूचं दार सावकाश उघडल्याचा आवाज.