बांधलेला अर्ज

बाइंडरने वाचू नये, हे त्याला त्याच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पान हातात आलं की आकडा बघायचा, समास बघायचा आणि पुढचं पान घ्यायचं. मजकुरात शिरलात की मेलात, धंदा बुडाला. बाइंडरने ही शिकवण इतकी मनावर घेतली की तीस वर्षांत हजारो ग्रंथ हाताखालून जाऊनही तो कोरडाच राहिला. कायद्याचे, औषधांचे, ताऱ्यांचे, किड्यामुंग्यांचे ग्रंथ त्याने बांधले. कोणता किती जाड होता, एवढं मात्र तो आजही बिनचूक सांगेल. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

त्याच्या मुलीने मात्र घराण्याचं नाव घालवलं. ती एकुलती एक, तरी सगळे तिला बारकी म्हणत. बारकी लहानपणी घड्या घालायच्या टेबलाखाली बसून हाताला लागेल तो फर्मा वाचायची. फर्मा म्हणजे पुस्तकाची सोळा पानं, न शिवलेली. कधी तिला शेवटची सोळा आधी मिळायची, कधी मधली. सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्याच गठ्ठ्यात असायची. बाइंडरची बायको पलीकडे स्टुलावर बसून टाके घालत असे. ती म्हणायची, मुलगी दुकानात कामाला बसते की कामाला लागलेल्यांना खोळंबवून ठेवायला? तरी बारकी मोठी होत गेली तशी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवण्याचं काम तिच्याकडेच आलं, कारण बाइंडरचा हात त्यात वाकडा पडायचा.

बारावीच्या निकालानंतर तिने सांगितलं की तिला एका खासगी विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करायचाय. विद्यापीठ गाडीने सहा तासांवर होतं आणि इतकं लहान, की माहितीपत्रकातल्या सगळ्या फोटोंत मागे तेच एक झाड होतं. चाळीस जागा, शिष्यवृत्तीसकट. तिकडच्या लोकांच्या तऱ्हा निराळ्या होत्या. गुणपत्रिका तर हवीच, पण निबंध स्वतःच्या हस्ताक्षरात हवा, आणि ज्याने तुम्हाला शिकवलंय अशा माणसाचं पत्र हवं. तेही मूळ पत्र, सही आणि शिक्क्यासह. नक्कल चालणार नव्हती.

पत्र दिलं शाळेतल्या मॅडमनी. त्यांनी ते त्यांच्या जपून ठेवलेल्या जाड, लांब कागदावर लिहिलं, खाली सही केली, शाळेचा गोल शिक्का मारला आणि चारच दिवसांनी नोकरीतून मोकळ्या होऊन परदेशी मुलाकडे निघून गेल्या.

बाइंडर या सगळ्यात हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याला ती जायला नको होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं? मुलीला दुकानात बांधून ठेवणारा बाप, असं नाव व्हायचं. तो आपला मूग गिळून बसला.

बुधवारी बारकीने अर्जाचे सगळे कागद एका फाइलमध्ये घालून आपल्या टेबलावर ठेवले आणि ती मैत्रिणीकडे गेली. अर्ज शुक्रवारी दुपारी चारच्या आत विद्यापीठाच्या इथल्या शहरातल्या एका खोलीच्या कचेरीत द्यायचा होता. बाइंडरने फाइल पाहिली. स्वस्तातली, कोपरा फाटलेली, आत कागद इकडेतिकडे सरकतायत. बाइंडरच्या मुलीने असा अर्ज द्यावा, हे काही त्याला पटेना. तोंडाने काही बोलता आलं नाही तरी हाताने काहीतरी करावं, असं त्याच्या मनात आलं.

त्याने कागद ठोकून सारखे केले, डाव्या कडेला दाभणाने भोकं पाडली आणि बायकोला न सांगता स्वतःच टाके घातले. मग कापायच्या यंत्राखाली धरून तिन्ही कडा कापल्या. निळं कापड चढवलं. वर ‘प्रवेश अर्ज’ अशी सोनेरी अक्षरं उठवली, थोडी वाकडी, पण सोन्याची. गठ्ठा दाबाखाली ठेवला आणि खूप दिवसांनी तो शीळ वाजवत घरी गेला.

गुरुवारी सकाळी त्याने ते पुस्तक बारकीपुढे ठेवलं. तिने ते बराच वेळ उघडलंच नाही. मग उघडलं आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं की सर्व कागद सुटे द्यावेत, शिवू अथवा चिकटवू नयेत, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. हे पान कालच बाइंडरच्या हाताखालून गेलं होतं. त्याचा समास चांगला होता, एवढं त्याला आठवत होतं.

त्याची बायको म्हणाली, उसवता येईल, त्यात काय. पण बारकी पानं उलटत पुढे गेली आणि मॅडमच्या पत्रापाशी थांबली. लांब कागद बाकीच्यांबरोबर कापला गेला होता. खालची दोन बोटं पट्टी गेली होती, आणि तिच्याबरोबर शिक्का, तारीख आणि सहीचा खालचा अर्धा भाग. निबंधाच्या पानांचे खाली टाकलेले आकडेही गेले होते.

आता हे धंद्यातल्या कोणालाही सांगा, तो हसेल. गठ्ठ्यात एखादा कागद लांब निघाला तर तो कापत नाहीत, घडी घालून आत घेतात. शिकाऊ माणूस दुसऱ्या आठवड्यात हे शिकतो. बाइंडरने असे लांब नकाशे शेकड्याने घडी घालून बसवले होते.

“बाबा,” बारकी म्हणाली, “तुमच्या हातून आजपर्यंत कोणाचं एक अक्षर तरी कापलं गेलंय?”

“नाही,” बाइंडर म्हणाला.

पुढे तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण आपण चोर आहोत की नाही, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. काल यंत्राचा दांडा ओढताना आपल्याला तो लांब कागद दिसला होता का? तो आठवून पाहत होता. दांडा आठवत होता, पात्याचा आवाज आठवत होता, कागद काही आठवत नव्हता.

शाळेत फोन केला तर मॅडमच्या नव्या सहीशिवाय कोणी शिक्का मारणार नाही, असं उत्तर मिळालं. परदेशातून मॅडमचं नवं पत्र यायला दोन आठवडे. राहता राहिली गोणी. दुकानातलं सगळं कात्रण एका गोणीत जमा व्हायचं आणि शनिवारी रद्दीवाला ती उचलून न्यायचा. अजून गुरुवार होता.

बाइंडरने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि गोणी जमिनीवर उपडी केली. आठवड्याचं कात्रण म्हणजे गुडघाभर ढीग. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, सगळ्या बारीक. बापलेक समोरासमोर मांडी घालून बसले. जाड कागद हाताला कळतो, म्हणून बाइंडर बघतसुद्धा नव्हता. पट्टी दोन बोटांत धरायची, सोडायची, पुढची घ्यायची. बारकी एकेक पट्टी उजेडात धरत होती. एक तास गेला, दुसरा गेला. चहा आला आणि गार झाला. त्याची बायको काम खोळंबू नये म्हणून स्टुलावर बसून टाके घालत होती आणि मधूनमधून, त्या कोपऱ्यात बघा, यंत्राखाली बघा, अशा उंटावरून शेळ्या हाकत होती.

ढीग दोनदा चाळून झाला. बारकी भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मागच्या वर्षी ती पडून हाताला टाके पडले होते तेव्हाही रडली नव्हती, पण चेहरा असाच झाला होता. बाइंडरने तो पाहिला. आणि त्याच वेळी आत कुठेतरी, अगदी खोल, एक हलकी लहर उठली की चला, राहिली. ते त्याला स्पष्ट कळलं. त्याला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. तो उठला आणि यंत्राखालची फळी उचकटायला लागला.

दोरा संपला म्हणून त्याच्या बायकोने नवी गुंडाळी घेतली. ती दोरा नेहमी जाड कागदाच्या घडीवर गुंडाळून ठेवायची. कात्रणात बरी पट्टी दिसली की उचलायची, ही तिची जुनी सवय. दोरा सुटत गेला आणि घडीच्या कडेला निळा गोल दिसायला लागला. तिने सुई खाली ठेवली.

“अहो,” ती म्हणाली, “हे तर नव्हे?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळी कात्रणातून पट्टी उचलून तिनेच ती गुंडाळी केली होती, आणि तेव्हापासून ती तिच्या मांडीवर होती. कोणी हसलं नाही. हसायला वेळ नव्हता. बाइंडरने उरलेला दोरा सोडवला, पट्टीच्या चार घड्या उलगडल्या आणि ओलसर कापडाखाली त्या सपाट करायला ठेवल्या. बारकी कचेरीत फोन करून जोडलेलं पत्र चालेल का ते विचारायला गेली. बायको घरी स्वयंपाकाला गेली. बाइंडरने पुस्तक पुढ्यात घेतलं आणि स्वतःचेच टाके पात्याने कापायला लागला.

कागद सुटे झाले. निबंधाची चार पानं त्याने बाजूला काढली तर आकडे नाहीत. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे कळायला आता एकच उपाय होता. त्याने चष्मा पुसला आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. मग तो वाचायला लागला.

हाताला तिसरं पान आधी आलं. त्यात टेबलाखाली बसून वाचण्याबद्दल होतं. मग पहिलं मिळालं. तिने लिहिलं होतं की मी पुष्कळ पुस्तकं वाचलीत पण बहुतेकांची सुरुवात मला ठाऊक नाही, आणि एखादी गोष्ट पहिल्या पानापासून शिकावी म्हणून मला तुमच्याकडे यायचंय. शेवटच्या पानावर बाइंडर स्वतः होता. ‘माझे बाबा पुस्तकं वाचत नाहीत, पण त्यांच्या हातून कधी पान मागेपुढे झालेलं नाही. मी निघाले तर ते मला जाऊ नको म्हणणार नाहीत. जा असंही म्हणणार नाहीत. ते माझं टेबल रोज पुसतील आणि त्यावर दुसरं काही ठेवणार नाहीत.’

त्याने ती पानं क्रमाने लावली. नंतर पत्र घेतलं, कडेला बोटाने खळ लावली, पट्टी सहीच्या रेषेला रेष जुळवून बसवली आणि मागून पातळ कागद चिकटवून पत्र दाबाखाली ठेवलं. जोड दिसू नये इतकं बारीक काम त्याला येत होतं. त्याने ते केलं नाही. दिसला तर दिसू दे, लपवलं की खोटं वाटतं. बारकी परत आली. पत्र बघून ठरवू, असं कचेरीने सांगितलं होतं. तिने दाबाखालचा कागद वाकून पाहिला आणि जमिनीवरचं कात्रण गोणीत भरायला लागली.

शुक्रवारी सकाळी ती तीच फाटक्या कोपऱ्याची फाइल घेऊन दारात उभी राहिली. बाइंडर यंत्रापाशी होता.

“येते बाबा.”

निघणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. बाइंडरही जन्मभर तेच म्हणत आला होता. तो हात पुसत पुढे आला.

“मला तू जायला नको होतीस,” तो म्हणाला. “परवा कापताना हे माझ्या मनात होतं की नाही, मला खरंच ठाऊक नाही. आठवून बघितलं.”

“तुम्ही मुद्दाम कापलंत, असं वाटलं होतं मला,” बारकी म्हणाली. “मग तुम्ही फळी उचकटलीत.”

त्याने तिच्या हातातल्या फाइलचा फाटका कोपरा अंगठ्याने सारखा केला.

“जा,” तो म्हणाला.

तिने दचकून वर पाहिलं. मग तिला कळलं की बाबा निबंध वाचून बसलेत. कोपऱ्यावर वळताना तिने मान मागे वळवली, आणि तो अजून दारातच होता.

कचेरीतल्या बाईंनी म्हणे पत्र उजेडात धरलं, प्रत्येक कागदाच्या कडेची भोकं मोजली आणि हे काय म्हणून विचारलं. बारकीने जे घडलं ते सांगितलं. बाईंनी अर्जावर एका कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि पोच दिली. काय लिहिलं ते उलट्या बाजूने वाचता आलं नाही, असं ती घरी येऊन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही वाचता आलं नव्हतं, म्हणून आईने तिला पोटभर चिडवून घेतलं.

दीड महिन्याने पाकीट आलं. बारकीने ते फोडलं नाही. बाइंडरच्या हातात दिलं आणि आधी तुम्ही, म्हणाली. तो यंत्राला टेकून उभा राहिला. त्याने वरच्या पत्त्यापासून सुरुवात केली, तारीख वाचली, संदर्भ क्रमांक वाचला. सरळ काही सांगतील तर ते पत्र कसलं. मायलेकी त्याच्या ओठांकडे बघत होत्या. तो घाई न करता एकेक ओळ खाली उतरत शेवटपर्यंत गेला, आणि शेवटच्या ओळीवरून परत एकदा गेला.

“प्रवेशाला मूळ कागद घेऊन यायला सांगितलंय,” तो म्हणाला. “सुटे.”

त्याच्या बायकोने सुई कापडात खोचली. बारकीने पत्र घ्यायला हात पुढे केला, पण बाइंडरने ते लगेच सोडलं नाही. तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला होता.