दोदा आली नाही

बिशपनं अंगठा पवित्र तेलात बुडवला आणि मान वर न करताच म्हटलं, "पुढचं."

अन्सानं पुन्हा दाराकडं पाहिलं. दाराशी ही गर्दी, कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या काखेत कोंबडी. पण पोरीला धरायला येणाऱ्या नदीपलीकडच्या मैत्रिणीचा, दोदाचा, पत्ता नव्हता. अन्साची तीन वर्षांची रोतलिंद तिच्या झग्याला लोंबकळत भोकाड पसरून रडत होती. रांग भराभर सरकत होती. एकेक बाई दुसरीचं मूल उचलून बिशपपुढं धरायची, कपाळाला तेल लागलं की खाली ठेवायची, की झाली ती त्या मुलाची धर्ममाता. सख्ख्या आईनं तेवढं आपलं मूल धरायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मी बघून येतो," तिचा नवरा गुंदविन म्हणाला. "नदीच्या वाटेवर असेल." तो गर्दीतून वाट काढत गेला तो गेलाच.

या खेड्यात बिशपचे पाय लागून बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात कितीतरी लेकरं तेलाशिवायच मातीआड गेली होती. या खेपेला चुकलं तर पुन्हा तो कधी येणार, आणि तोवर कोण राहणार, कोण जाणार!

"ए बाई," बिशपचा मदतनीस खेकसला, "आहे का कुणी पोरीला धरायला? नाहीतर हो बाजूला."

अन्सानं इकडंतिकडं पाहिलं. ओळखीच्या साऱ्या बायांचे हात भरलेले. रोतलिंदचा रडून रडून श्वास अडकला होता, ओठ निळे पडले होते. कुठलीही आई जे करील तेच अन्सानं केलं. तिनं पोरीला उचललं, "उगी गं बाय माझी" म्हणत छातीशी धरलं, पाठ थोपटली. वर पाहिलं तेव्हा बिशपचा अंगठा पोरीच्या कपाळावर क्रूस काढून खाली येत होता.

"अगं बाई!" मागं कुणीतरी म्हणालं. पुढचं मूल सरकलं, आणि बिशपला काही कळलंही नाही.

गावच्या पाद्रीबाबांनी मात्र कपाळाला हात लावला. "पोरी, काय करून बसलीस हे! आता तूच तिची धर्ममाता. धर्ममाता ती मुलाच्या बापाची बहीण, म्हणजे गुंदविन तुझा देवाघरचा भाऊ झाला. भावाबहिणीनं एका छपराखाली संसार करायचा नसतो."

"चुकून झालं हो बाबा. पोर गुदमरत होती."

"चुकून विस्तवावर पाय पडला तरी तो भाजतोच ना?"

तेवढ्यात गुंदविन परत आला. काय घडलं ते त्यानं ऐकलं आणि चर्चच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत तो ढसाढसा रडला. पुरुषासारखा पुरुष असा रडलेला गावानं पाहिला नव्हता. त्या रडण्याच्या आधारावरच अन्सानं पुढचा हिवाळा काढला.

घरामागं विणकामाची झोपडी होती, तिथं तिचं अंथरूण गेलं. रोतलिंद आजीकडं राहिली. सासू रिखिल्दा रोज सकाळी दारातूनच हाक मारायची, "ये हो लेकी! सून गेली, पण लेक मिळाली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो." आणि मग जरा आवाज चढवून, "पाणचक्कीवालीकडं निरोप गेलाय बरं का. विधवा आहे, पण चक्की स्वतःची आहे. ईस्टर झाला की बार उडवून टाकू. बहिणीला मानाचं लुगडं मिळेलच!"

अन्सा मागावर बसायची, चार धागे टाकायची, उठायची. दारापर्यंत जायची, परत यायची. सूत तुटायचं, मारलेली गाठ सुटायची. पलीकडं पोर खोकली की तिचा जीव खालीवर व्हायचा. गुंदविन गुपचूप सरपण आणून दाराशी रचायचा आणि वर न पाहता निघून जायचा. त्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघून तिला भडभडून यायचं. बिचारा! आईपुढं त्याचं काय चालणार? सगळा राग तिनं दोदावर काढला. त्या सटवीनं वेळेवर यायला काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी नटूनथटून आली म्हणे, पोरीसाठी नवं कापड घेऊन! सासूनं तिला कुंपणावरूनच वाटेला लावलं होतं. मग नदीला पूर आला, होडी बंद झाली, आणि या दोघींची गाठ पडलीच नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी अवेळी घंटा वाजली. सम्राट राजधानीत, आखनला, वारल्याची बातमी आली होती. चर्चमध्ये माणसं नुसती उभी राहिली. कुणाच्याच आठवणीत दुसरा राजा नव्हता. दर वसंतात त्यानं गावातले पुरुष लढाईला नेले होते, म्हणून त्याला शिव्या घालणारेही आता टोपी काढून डोळे पुसत होते.

"आता शपथ कुणाच्या नावानं घ्यायची?" एक म्हातारा म्हणाला.

प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबांनी आणखी एक चर्मपत्र काढलं. गेल्या उन्हाळ्यात सम्राटानं बिशपांची सभा बोलावली होती, तिथले निर्णय आता कुठं फिरत फिरत या खेड्यापर्यंत पोचले होते. पाद्र्यांनी दारू पिऊ नये, वजनं खोटी ठेवू नयेत, असं बरंच काही होतं. मग पाद्रीबाबा थांबले, त्यांनी अन्साकडं पाहिलं आणि सावकाश वाचलं. काही बाया निष्काळजीपणानं, तर काही नवऱ्यापासून सुटायला मुद्दाम, आपलंच मूल बिशपपुढं धरतात. अशा बाईनं जन्मभर प्रायश्चित्त घ्यावं. पण नवराबायकोला वेगळं करू नये.

अन्सानं शेजारणीचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली.

"पण राजा तर मेला ना?" रिखिल्दा पुढं आली. "मेलेल्या माणसाचा हुकूम कसला मानायचा?"

"आजीबाई, तुमचे मालक जाऊन किती वर्षं झाली! त्यांनी घातलेलं कुंपण तुम्ही उपटलंत का?"

त्या दुःखातही माणसं हसली. पाद्रीबाबा अन्साला म्हणाले, "दर शुक्रवारी भाकरी आणि पाणी. मरेपर्यंत."

"मरेपर्यंत तर मरेपर्यंत!" अन्सा रडत रडत हसली. तिनं गुंदविनला शोधलं. तो खांबाशी उभा राहून हातातली टोपी पिळत होता. आनंदानं बिचाऱ्याला बोलवेना, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती होडीतून नदीपलीकडं गेली. दोदाला गोड बातमी द्यायची होती, आणि त्याआधी चांगलं फैलावर घ्यायचं होतं. दोदानं तिला पाहताच गळ्यात पडून रडायला सुरुवात केली.

"कुठल्या तोंडानं येणार होते गं मी!"

"पुरे झालं. कुण्या गाढवानं सांगितलं होतं तुला दुसऱ्या दिवशीचं?"

"गाढव काय म्हणतेस बिचाऱ्याला?" दोदा डोळे पुसत हसली. "तुझाच नवरा आला होता की. इथंच बसून बिअर प्यायला. दोनदा बजावलं त्यानं, 'बुधवारी हं, आधी येऊन उगाच खोळंबू नकोस.' त्याचीही काही चूक नाही. कामाच्या गडबडीत वार विसरला असेल."

अन्साला ओढ्यावरचा पूल आठवला. बिशपची स्वारी मंगळवारी पूल ओलांडणार म्हणून त्या पुलाच्या फळ्या ठोकायला गावानं चार माणसं लावली होती. त्यातला एक गुंदविन होता.

"असेल," ती म्हणाली. "विसराळूच आहे तो."

"थांब, चीज कापते."

"नको. आज शुक्रवार."

परतीच्या होडीत ती काठाला धरून बसली. नावाडी काहीतरी विचारत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

घरी आली तेव्हा गुंदविननं तिचं अंथरूण झोपडीतून आणून जागेवर घातलं होतं. सासू गाल फुगवून शेजारी जाऊन बसली होती. चुलीवर वाटाण्याचं कालवण उकळत होतं.

"आलीस?" गुंदविन म्हणाला. मग कालवण ढवळत त्यानं विचारलं, "दोदा काय म्हणत होती?"

"बरी आहे."

अन्सानं रोतलिंदला कालवण वाढलं. स्वतःपुढं भाकरीचा तुकडा आणि पाणी घेतलं. मग दुसरा तुकडा मोडला, दुसऱ्या वाडग्यात पाणी ओतलं आणि ते गुंदविनपुढं ठेवलं.

"बाबाला कालवण?" पोरीनं विचारलं.

"बाबाचाही शुक्रवार आहे," अन्सा म्हणाली.

गुंदविननं चुलीवरच्या भांड्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ती त्याच्याकडं पाहत होती. त्याची नजर खाली गेली. त्यानं भाकरी उचलली, पाण्यात बुडवली आणि खायला लागला. का, असं त्यानं विचारलं नाही.