विठोबांची सही

२०१९ सालचा दसरा. देवासच्या कारखान्यात जमुनाबाईंनी जुन्या लेथला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ नेहमीसारखा विठोबांच्या हाती दिला. धारच्या माहेरच्या पाटल्या मोडून ती लेथ आली होती. चालवली मात्र विठोबांनी. म्हणून तर जमुनाबाईंच्या यजमानांनी त्यांना पंपाच्या सुट्या भागांच्या या धंद्यात निम्म्याचं भागीदार केलं होतं. यजमान गेल्यावर त्यांच्या जागी जमुनाबाई आल्या.

नारळ एका घावात फुटला.

“काका, कमाल आहे!” जमुनाबाईंचा मुलगा विक्रमसिंह म्हणाला.

“भिया, सालभर लेथ चालव, तुझाही फुटेल.”

सगळे हसले. जमुनाबाई हसल्या नाहीत. मुलाने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं.

“सरकारने कर उतरवला, आईसाहेब, पण कंपन्यांचा. पीथमपूरला नवा कारखाना टाकणाऱ्या कंपनीला पंधरा टक्के, जुन्या कंपनीला बावीस, अन् आपल्या भागीदारीला तीसच! टिकायचं कसं? आपणही कंपनी करू.”

“आणि विठोबा?”

“कंपनीत भांडवल बघतात. काकांचं सगळं पोरींच्या लग्नांत उचलून झालंय. पगार देऊ ना, बढिया. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतात.”

सकाळपासून जमुनाबाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा प्रसादाचंच बोलल्या. आता भागीदारी मोडल्याचा कागद समोर आला. रीत अशी, की आधी या घरची सही, मग विठोबांची. विठोबा कधी वाचत नसत.

जमुनाबाईंनी सही केली. विठोबांनी नारळाचं पाणी धोतराला पुसलं आणि सावकाश आपलं नाव लिहिलं.

“आमच्या गुड्डीनेच टाइप केलाय हा,” पेनाला टोपण लावत ते म्हणाले. त्यांची नात वकिलाकडे कामाला होती. “काल वाचून दाखवला तिनं.”

“मग सही का केलीत?”

“तुमची झाली ना, वहिनीसाहेब. तोवर थांबलो होतो.”

कर बावीस टक्क्यांवर आला. विक्रमसिंहाने नवी मशिनं घेतली, जुनी लेथ सोनकच्छचा भंगारवाला घेऊन गेला. नारळ आता विक्रमसिंहच फोडतो, तीन-चार घाव लागतात. विठोबांनी दोन महिने पगार घेतला, मग घरी बसले. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

जमुनाबाईंना हल्ली नीट दिसत नाही. कुठलाही कागद आला, की त्या गुड्डीला बोलावतात. आजोबा सांगून गेलेत, म्हणून ती येते. ओळ न् ओळ वाचून दाखवते, सहीच्या जागेवर बोट ठेवते. चहाचं विचारलं, की चपला पायात सरकवते.